चोर सोडून संन्याशाला बिल!

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मासिकात रेशनकार्डावर लेख बघून पान उलटू नका. आपल्यापैकी बहुतेकांचा रेशनकार्डाशी संबंध येतो तो अ‍ॅडमिशनच्या वेळी झेरॉक्स जोडण्यापुरता. कार्ड पिवळं की केशरी की पांढरं, एवढं बघायचं आणि फाईलमध्ये टाकायचं. पण आपल्या होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावशींना, गेटवरच्या वॉचमनकाकांना आणि जिना पुसणाऱ्या ताईंना ते कार्ड म्हणजे महिन्याच्या हिशोबातला एक मोठा आकडा असतो. आणि गेली काही वर्षं या कार्डाबरोबर एक नवी भीती येते. आज फुकट दिलेलं धान्य उद्या 'तुम्ही अपात्र होता' म्हणून पैशात परत मागितलं तर?

आमच्या एनएसएस युनिटने अंधेरी पूर्वेच्या एका वस्तीत रेशनकार्डाचे फॉर्म भरून द्यायचा उपक्रम केला, तेव्हा हा प्रश्न मला पहिल्यांदा नीट कळला. फॉर्म भरायला आलेल्या बायका आधी विचारायच्या, "भाऊ, यावर सही केली तर मागचे पैसे तर नाही ना कापणार?" मला उत्तर माहीत नव्हतं. मग वाचत गेलो. जे कळलं आणि जे पटलं, ते इथे मांडतो. पटलं नाही तर मेसमध्ये भांडायला मी आहेच!

आधी थोडी थिअरी

महाराष्ट्रात तीन रंगांची कार्डं १९९९ पासून आली. वर्षाला १५ हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर पिवळं, १५ हजारांच्या वर आणि १ लाखापर्यंत केशरी, त्याच्या वर पांढरं. मग २०१३ साली राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा आला आणि आपल्या राज्यात फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात दोन गट पडले. अगदी गरीब कुटुंबं अंत्योदयात. त्यांना महिन्याला घरटी ३५ किलो धान्य. बाकीची 'प्राधान्य कुटुंबं'. त्यांना माणशी ५ किलो. आधी तांदूळ ३ रुपये आणि गहू २ रुपये किलो होता. १ जानेवारी २०२३ पासून तो फुकट झाला, आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं फुकटच राहील असं केंद्राने जाहीर केलं.

आता यातली गोम बघा. या कायद्याखाली येणाऱ्या लोकांची संख्या वर्गातल्या सीट्ससारखी ठरलेली आहे. महाराष्ट्रात ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के, मिळून साधारण ७ कोटी माणसं. हा आकडा २०११ च्या जनगणनेवर बांधलेला आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही, त्यामुळे सीट्स वाढल्याच नाहीत. मुंबईत माणसं वाढली, झोपड्यांवर मजले चढले, लग्नं झाली, पोरं झाली, पण कोटा तोच.

याचा अर्थ एकच. जो अपात्र माणूस आत बसलाय, तो सरकारचं धान्य खातोच, शिवाय बाहेर रांगेत उभ्या असलेल्या कुणाची तरी जागा अडवून खातो. होस्टेलवाल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. मुलुंडला स्वतःचं घर असूनही लोकल गार्डियनच्या पत्त्याचा घोळ करून कुणी रूम अडवली, आणि बीड-नांदेडहून आलेला पोरगा चार महिने कॉट बेसिसवर फिरतोय, असं झालं तर आपण काय म्हणतो? तेच इथे. म्हणून 'गरिबाने खाल्लं तर खाल्लं, जाऊ दे' असं मी म्हणणार नाही. अपात्र माणसाला बाहेर काढायलाच हवं. त्याबद्दल वाद नाही.

वाद आहे तो पुढचा. बाहेर काढताना, आत्तापर्यंत खाल्लेल्याचे पैसे मागायचे का? कुणाकडून? किती?

वसुलीची हवा आणि वसुलीचा कायदा

मे २०२२ मध्ये उत्तर प्रदेशात एकच धावपळ उडाली. अपात्र असाल तर कार्ड सरेंडर करा, नाहीतर गव्हाचे किलोला २४ रुपये आणि तांदळाचे ३२ रुपये या दराने वसुली होईल, अशी बातमी सगळीकडे पसरली. पक्कं घर आहे म्हणून, मोटारसायकल आहे म्हणून लोक घाबरले आणि कार्डं परत करायला रांगा लागल्या. मग राज्याच्या अन्न विभागाने खुलासा केला की असा कुठलाही आदेश काढलेलाच नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे, २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात आणि चालू शासन आदेशांत अपात्र कार्डधारकांकडून वसुलीची तरतूदच नाही, हेही त्याच खुलाशात होतं.

म्हणजे बघा. ज्या गोष्टीला कायद्यात जागा नाही, तिच्या नुसत्या वावड्यांनी माणसं स्वतःहून कार्ड सोडून आली. त्यातले खरे अपात्र किती आणि नुसते भित्रे किती, हे कोण मोजणार? भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत!

उलट केरळने २०२२ साली 'ऑपरेशन येलो' नावाची मोहीम उघडपणे चालवली. तिथे अंत्योदयाचं कार्ड पिवळं असतं. अपात्र असून ते बाळगणाऱ्यांची माहिती लोकांनीच कळवायची, मग चौकशी आणि घेतलेल्या धान्याची बाजारभावाने वसुली. निदान तिथे हेतू तरी स्पष्ट होता.

आपल्याकडे काय? आपल्याकडे 'शोधमोहीम' असते. २०२१ मध्ये एक झाली, २०२५ मध्ये एप्रिल-मे अशा दोन महिन्यांची पुन्हा झाली. फॉर्म भरा, राहण्याचा पुरावा द्या, पुरावा नसेल तर १५ दिवसांत आणा, नाहीतर कार्ड रद्द. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याकडे अ‍ॅग्रीमेंट नसतं आणि लाईट बिल मालकाच्या नावावर असतं, हे असल्फ्याच्या डोंगरापासून दहिसरच्या खाडीपर्यंत कुणालाही विचारा. त्याच मोहिमेत असंही होतं की, सरकारी किंवा खासगी नोकरीत वर्षाला १ लाखाच्या वर मिळकत असेल तर पिवळं-केशरी कार्ड रद्द.

१ लाख म्हणजे किती हो?

कॅल्क्युलेटर काढा. १ लाख भागिले १२ म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. मुंबईत कुणाही सफाई कामगाराला मालकाने कायद्याने ठरलेलं किमान वेतन दिलं, तरी तो या रेषेच्या बाहेर जातो! म्हणजे मालक प्रामाणिक निघाला तर कामगार अपात्र, आणि मालकाने लुबाडलं तर पात्र. वा!

आणि प्राधान्य कुटुंबाची मर्यादा तर याहून खाली. डिसेंबर २०१३ च्या शासन निर्णयाने ती शहरात ५९ हजार आणि गावात ४४ हजार ठरवली. ५९ हजार भागिले १२ केलं की येतात ४,९१७ रुपये. संपूर्ण कुटुंबाचे! घाटकोपरला दहा बाय दहाच्या खोलीचं भाडं देऊन, ४,९१७ रुपयांत चार माणसांचं घर चालवून दाखवणाऱ्याला आपल्या कॉलेजने थेट डॉक्टरेट द्यावी.

मग लोक काय करतात? उत्पन्न ५८ हजार लिहितात. फॉर्म भरून देणारा एजंट तेच सांगतो, दुकानदार तेच सांगतो. मी अंधेरीत जेवढे फॉर्म भरले, त्यातल्या कितीतरी बायका उत्पन्नाच्या रकान्यापाशी येऊन थांबायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या. त्या खोटारड्या नाहीत. खरं लिहिलं तर पोरांचा भात जातो, एवढंच त्यांना माहीत आहे.

आता गंमत बघा. याच राज्यात, आपल्याला इंजिनिअरिंगच्या फीमध्ये सवलत देणारी जी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, तिची उत्पन्नाची मर्यादा ८ लाख रुपये आहे. योजना चांगलीच आहे, ती नसती तर माझ्या विंगमधले निम्मे जण इथे नसते. पण ८ लाखांच्या आतला मी 'आर्थिकदृष्ट्या मागास' आणि मला पोळी वाढणारी मावशी ६० हजारांच्या वर गेली की 'अपात्र'! आणि उद्या वसुली निघाली तर ती कुणाच्या दारात आधी जाईल? सांगायला नको.

म्हणून माझा पहिला मुद्दा हा. जी मर्यादा प्रामाणिकपणे पाळणं अशक्य आहे, तिच्या जोरावर मागची वसुली करता येत नाही. आधी रेषा माणसात आणा, मग तिच्या बाहेर कोण आहे ते मोजा. फूटपट्टीच चुकीची असेल तर सगळी रीडिंग्ज चुकीचीच येणार, हे फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्येच शिकवतात आपल्याला.

एका घराचं बिल

मी एक नुसतं गणित मांडून बघितलं. चार माणसांचं प्राधान्य कुटुंब, महिन्याला २० किलो. समजा १२ किलो तांदूळ आणि ८ किलो गहू. उत्तर प्रदेशातल्या बातमीतलेच दर लावले तर तांदळाचे ३८४ आणि गव्हाचे १९२, मिळून ५७६ रुपये महिना. पाच वर्षांचे झाले ३४,५६० रुपये. दरमहा ४,९१७ च्या हिशोबाने सात महिन्यांची अख्खी कमाई! तीही अशा धान्याची, जे कधीच शिजून, खाऊन, संपून गेलंय. पैसे बँकेत पडून असतात तर गोष्ट वेगळी. भात परत कसा करणार?

यात अजून एक पाचर आहे. हिशोब कशावरून काढणार? दुकानातल्या ई-पॉस मशिनच्या नोंदीवरून. मशिनमध्ये २० किलो दिसतं, पण पिशवीत २० किलो पडलंच होतं का? 'या महिन्यात गहू कमी आलाय, अंगठा लावून जा, पुढच्या महिन्यात देतो' हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा रेशनकार्डधारक मला दाखवा. म्हणजे धान्य दुसऱ्याने विकायचं आणि बिल हिच्या नावावर फाटायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. वसुली करायचीच असेल तर आधी दुकानाचा आणि गोदामाचा हिशोब मांडा आणि मग घराघरात या. खालून वर नको, वरून खाली या.

बाहेरच्या जगात काय झालं

आपण कॉम्प्युटरवाले आहोत म्हणून ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगतो. तिथल्या सरकारने २०१५ नंतर सामाजिक मदतीची जादा गेलेली रक्कम शोधायला एक ऑटोमॅटिक पद्धत लावली. लोक तिला 'रोबोडेट' म्हणू लागले. लॉजिक असं होतं. माणसाचं वर्षाचं उत्पन्न आयकर खात्याकडून घ्यायचं, ते २६ पंधरवड्यांत सरळ वाटायचं आणि प्रत्येक पंधरवड्याला त्याने सांगितलेल्या मिळकतीशी जुळवायचं. जुळलं नाही की नोटीस! आता जो माणूस सहा महिने काम करतो आणि सहा महिने बेकार असतो, त्याचं ॲव्हरेज काढलं तर तो बेकारीतही कमावत होता असं दिसणारच. ज्याला मीन आणि व्हेरिअन्स यातला फरक कळतो त्याला ही चूक दोन मिनिटांत सापडेल. पण चूक खरी नाही हे सिद्ध करायचं ओझं नोटीस आलेल्या माणसावर होतं, जुन्या पगाराच्या पावत्या शोधून! शेवटी २०१९ मध्ये कोर्टात सरकारला माघार घ्यावी लागली, २०२० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्या परत करायचं जाहीर झालं, आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने त्या सगळ्या प्रकाराची चिरफाड केली.

नेदरलँड्समध्ये तर मुलांच्या पाळणाघराच्या अनुदानाची वसुली चुकीच्या संशयावरून हजारो आईबापांवर लादली गेली. छोट्याशा चुकीसाठी पूर्ण रक्कम परत मागितली. कर्जं झाली, संसार मोडले. जानेवारी २०२१ मध्ये त्यावरून अख्ख्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला.

आणि वसुली नीट करायची तर कशी, याचाही एक नमुना आहे. अमेरिकेत अन्न-मदतीची जी योजना आहे तिथे जादा दिलेली मदत परत घेतात, अगदी नियमाने घेतात. पण आधी ती कशामुळे जादा गेली याचे तीन कप्पे करतात. मुद्दाम केलेली फसवणूक, कुटुंबाकडून नकळत झालेली चूक आणि खुद्द ऑफिसची चूक. फसवणूक असेल तर दरमहा मदतीच्या २० टक्के किंवा २० डॉलर, यातलं जे जास्त ते कापतात. बाकी दोन्हीत १० टक्के किंवा १० डॉलर, यातलं जे जास्त ते. कुटुंबाला ९० दिवसांत सुनावणी मागता येते. मला ती पद्धतही पूर्ण पटत नाही, कारण ऑफिसच्या चुकीचे पैसे गरिबाने का भरायचे? पण निदान चोर आणि भोळा यांना एकाच दावणीला बांधत नाहीत. आणि एका महिन्यात सगळं बिल मागत नाहीत.

आपलं सुप्रीम कोर्ट काय म्हणतं

आपल्याकडे असा विचार झालेलाच नाही असं नाही. डिसेंबर २०१४ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सरकारने आपल्या चुकीने कर्मचाऱ्याला जास्त पगार दिला असेल तर काही परिस्थितींत तो परत मागता येणार नाही. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात होणारे, आणि पाच वर्षांहून जुनं प्रकरण, ही त्यातली उदाहरणं. कारण साधं. जिथे परत घेणं हे सरकारच्या हक्कापेक्षा माणसावर जास्त अन्यायाचं ठरतं, तिथे घेऊ नये.

आता मला सांगा, ज्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याला कायम नोकरी आहे त्याला हे संरक्षण, आणि कॉन्ट्रॅक्टवर झाडू मारणाऱ्या बाईला नाही? तो निकाल पगारापुरता आहे हे मान्य. पण त्यामागचा न्याय पगारापुरता असू शकत नाही.

लाडकी बहीण योजनेचंच उदाहरण घ्या. ती धान्याची योजना नाही, पण प्रश्न तोच. २०२४ च्या जुलैपासून महिन्याला १,५०० रुपये धडाधड खात्यात आले, पडताळणी नंतर सुरू झाली. वरातीमागून घोडं! फेब्रुवारी २०२५ मध्ये ५ लाख महिला अपात्र ठरल्या तेव्हा सरकारने सांगितलं की दिलेले पैसे परत घेणार नाही. जुलै २०२५ पर्यंत हा आकडा २६ लाखांच्या वर गेला. त्यात काही पुरुषही निघाले आणि सरकारी नोकरीतल्या बायकाही, आणि त्यांच्याकडून वसुलीची भाषा सुरू झाली. माझ्या मते इथे सरकारने नकळत बरोबर भेद केला. जिने निकष न कळता फॉर्म भरला तिला सोडा. ज्याला सरकारी पगार मिळतो आणि नियम पाठ आहेत, त्याला धरा. हाच भेद लेखी नियमात का येत नाही? प्रत्येक वेळी मंत्र्यांच्या निवेदनाची वाट का बघायची?

रूममेटचं म्हणणं

माझा रूममेट या सगळ्यावर चिडतो. तो म्हणतो, "तू नुसता गरिबांचा कळवळा घेऊन बसतोस. आमच्या गावात ट्रॅक्टरवाले, दुमजली घरवाले रेशन उचलतात आणि तोच तांदूळ दुकानात विकतात. पैसे परत घेतल्याशिवाय धाक बसणार नाही. पीएम-किसानचे हप्ते आयकर भरणाऱ्यांकडून परत मागितले तेव्हा कसे सुतासारखे सरळ झाले!"

त्याचं खरं आहे. धाक हवाच. पण धाक कुणाला बसतो ते बघायला नको का? ट्रॅक्टरवाल्याकडे नोटीस आली तर त्याच्याकडे वकील असतो, सरपंच असतो, ओळख असते. तो दोन चकरांत प्रकरण मिटवतो. त्याच गावातली विधवा बाई नोटीस वाचून घेण्यासाठी दुसऱ्याकडे जाते आणि पुढच्या महिन्यापासून दुकानाची पायरीच चढत नाही. धाक तिला बसला! सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे नुसतं म्हणण्यापुरतं ठीक आहे. इथे बऱ्याचदा ओलंच जळतं आणि सुकं शाबूत राहतं.

अजून एक विचार करा. समजा तीन वर्षांनी युनिव्हर्सिटीने पत्र पाठवलं की सेम थ्रीच्या मॅथ्सच्या पेपरात आमच्या मॉडरेटरने बेरीज चुकवली, तुम्हाला ६ मार्क जादा गेले, सबब तुम्ही नापास आहात, डिग्री परत करा आणि आत्तापर्यंत घेतलेला पगारही. आपण काय करू? मोर्चा काढू! पेपर तपासायचं काम आमचं होतं का, असं विचारू. मग कार्ड तपासायचं काम मावशींचं होतं का?

मग करायचं काय?

नुसती टीका करून पळून जाणं बरं नव्हे. मला जे सुचतं ते लिहितो.

एक, कप्पे करा. सरकारी नोकर, आयकर भरणारे, एकाच घरात दोन कार्डं काढणारे, मेलेल्या माणसाच्या नावावर धान्य उचलणारे यांच्याकडून जरूर वसुली करा, बाजारभावाने करा. पण ज्याची परिस्थिती मधल्या काळात थोडी सुधारली, पोरगा नोकरीला लागला, त्याचं धान्य नोटिशीनंतर पुढे थांबवा. मागचं मागू नका. आणि चूक ऑफिसची असेल तर एक पैसाही मागू नका.

दोन, रेषा बदला. २०१३ ची मर्यादा घेऊन कुणालाही अपात्र ठरवणं हा विनोद आहे. ती दरवर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढली पाहिजे. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता वाढतो, मग ही का नाही?

तीन, नोटीस सोप्या मराठीत द्या. कुठल्या महिन्याचं किती धान्य, कुठल्या नियमाने अपात्र, कुणाकडे दाद मागायची, एवढं एका कागदावर मावतं. कायद्याने जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि राज्य अन्न आयोग आहेत. पण हे मला वाचल्यावर कळलं, वस्तीत एकालाही माहीत नव्हतं.

चार, वसुली दोन्ही बाजूंनी हवी. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. अन्न सुरक्षा कायद्याच्या आठव्या कलमात लिहिलंय की हक्काचं धान्य मिळालं नाही तर सरकारने त्या माणसाला अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा. २०१५ च्या नियमांत तर हिशोबही दिलाय. हमीभावाच्या सव्वापट किमतीतून रेशनचा दर वजा करायचा आणि न मिळालेल्या किलोंनी गुणायचं. म्हणजे सरकारने कमी दिलं तर सरकारचं देणं लागतं! अंगठा उमटला नाही म्हणून परत पाठवलेली म्हातारी, सर्व्हर डाऊन म्हणून हुकलेला महिना, कार्डावर नाव चढायला लागलेली दोन वर्षं, या सगळ्याचं बिल आपण कधी फाडलं? जादा गेलेलं मोजायला मशिन आहे, मोहीम आहे, मुदत आहे. कमी गेलेलं मोजायला कुणीच नाही. तराजूला दोन पारडी असतात, राव!

पाच, हे आपल्यासाठी. ही सगळी डेटा मॅचिंगची सिस्टीम उद्या आपल्यापैकीच कुणीतरी लिहिणार आहे. कॅम्पसमधून ज्या कंपन्या आपल्याला उचलतात त्या सरकारी प्रोजेक्ट्सही करतात. तेव्हा एका टेबलमधलं नाव 'सुनिता' आणि दुसऱ्यातलं 'सुनीता' जुळलं नाही म्हणून रेकॉर्ड रिजेक्ट करणारी ओळ आपल्या हातची असेल. टेस्टिंगमध्ये आपण फॉल्स पॉझिटिव्हची टक्केवारी काढतो आणि २ टक्के आली की पाठ थोपटून घेतो. ७ कोटींचे २ टक्के म्हणजे १४ लाख माणसं. त्यातला प्रत्येक जण रिकामी पिशवी घेऊन घरी जाणार. म्हणून सिस्टीममध्ये 'रद्द' या बटणाच्या आधी 'माणसाने तपासलं का?' हा एक चौकोन ठेवायचा आग्रह आपण धरू शकतो. क्लायंट कुरकुर करेल. करू दे.

आणि तोपर्यंत? तोपर्यंत एक साधं काम आहे. मेसच्या मावशी, वॉचमनकाका, लाँड्रीवाले यांच्या हातात असा एखादा कागद दिसला तर 'ऑफिसात विचारा' म्हणून झटकू नका. पाच मिनिटं बसा, वाचून सांगा. कार्डाचा बारा अंकी नंबर घेऊन ऑनलाईन नोंद दाखवा, त्यांच्या नावावर किती धान्य उचललं गेलंय ते. त्यांना मिळालं तेवढंच आहे का ते विचारा. जुळलं नाही तर तक्रारीचा अर्ज लिहून द्या. रेकॉर्ड बुक जर्नल लिहून हात दुखतात तेवढेही यात दुखत नाहीत!

ज्याने फसवलं त्याच्याकडून वसूल करा, मी टाळ्या वाजवीन. पण ज्याने फक्त भूक लागली म्हणून रांगेत उभं राहून, दिलं ते घेतलं, त्याच्या ताटातल्या भाताचं पाच वर्षांनी बिल पाठवणं याला मी वसुली म्हणणार नाही. आपल्याकडे जेवत्या माणसाला ताटावरून उठवू नये म्हणतात. जेवून उठलेल्याकडे मागचे पैसे मागू नयेत, हे सांगायची वेळच आजवर आली नव्हती.